दोन हात पाणी

वीज गेली ती गेली. आता तासभर तरी येत नाही, त्या ट्रान्सफॉर्मरला मी चांगला ओळखतो. ते नट-बोल्टचे पाने राहू द्या तिथेच, कंदील इकडे आणा आणि बसा. लाँच उद्या पहाटे पाण्यात जायची तेव्हा जाईल. आणि ए, तू, तो मोबाइल खिशात घाल. खालून तोंडावर उजेड पाडून बसलायस, भूत दिसतोयस आत्ताच.

दुपारी काय खिदळत होतात रे दोघं? मला ऐकू आलं नाही असं वाटलं? "पुढचा काठीवाला आकडा ओरडतो, मग मागचा सुकाणूवाला तोच आकडा परत कशाला ओरडतो? दोघंही बहिरे आहेत की काय?" हसा, हसा. तुमचं वयच आहे. मीसुद्धा नोकरीला लागलो तेव्हा हसलो होतो. पण उद्यापासून तुम्ही लाँचवर चढणार आहात, तर ऐका आणि मग चढा.

मी इंजिनाचा माणूस. बेचाळीस वर्षं या नदीवरच्या बोटींची इंजिनं खोलतोय. इंजिनाला डिझेल आणि हवा मिळाली की ते चालतं, नाही मिळाली की बंद पडतं. मधलं काही नसतं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, असं म्हणा. आता सांगतो ती माझ्या थोरल्या साडूची गोष्ट. साडू म्हणजे काय कळतं ना? एकाच सासऱ्यानं गंडवलेली दोन माणसं. त्यामुळे आमच्यात लपवाछपवी नाही. त्यानं मला सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो, आणि शेवटचं जे आहे ते मी स्वतः पाहिलेलं आहे.

साडू तीस वर्षं लाँच चालवत होता. इथल्या धक्क्यावरून खाली नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्टीवर, तिथून परत इकडे. पट्टीवर साठ-सत्तर घरं आहेत, साडूचं घरही तिथलंच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी. रस्ता नाही. पुलाचा दगड तेवढा बसलाय, पूल यायचाय. म्हणजे दूध, औषध, शाळेची पुस्तकं, पाहुणे, जे काय जायचं ते लाँचनं.

आता नदी कशी आहे ते तुम्ही पाहताच आहात. ओहोटी लागली की मधला सगळा भाग चिखल होतो. त्या चिखलातून खोल पाण्याची एक वाट असते, आणि ती दर पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या वर्षी जिथून लाँच गेली तिथे यंदा बगळे उभे असतात. म्हणून पुढे, लाँचच्या नाकावर काठीवाला लागतो. काठीवर हाताहाताच्या अंतरावर लाल-पांढरे पट्टे. तो काठी पाण्यात खुपसतो, तळ लागला की आकडा ओरडतो. पाच म्हणजे पाच हात पाणी. आपल्या लाँचला दोन हात तर लागतातच. अडीच ऐकलं की जीव मुठीत धरायचा, आणि दोन ऐकलं की विचार करत बसायचं नाही, इंजिन उलटं फिरवायचं.

मागे बसलेल्या सुकाणूवाल्याला मधल्या छपरामुळे पुढचं काही दिसत नाही. त्याला फक्त ऐकायचं असतं. आणि ऐकलं की तोच आकडा मोठ्यानं परत द्यायचा. का? कारण इंजिनाच्या धडधडीत पुढच्याला कळायला हवं की मागच्यानं ऐकलं. आकडा परत आला नाही, तर काठीवाला पुढचा आकडा सांगत नाही. तोच आकडा ओरडत राहतो. परत मिळेपर्यंत. कळलं? बहिरे म्हणे.

साडूबरोबर बावीस वर्षं काठीवर एकच माणूस होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आवाज असा, की तो कुजबुजला तरी धक्क्यावरची कुत्री कान टवकारायची. लग्नाच्या दिवशी बायकोच्या कानात काहीतरी गोड बोलायला गेला, ते शेवटच्या रांगेतल्या पाहुण्यांनीही ऐकलं. पण काठीवर माणूस सोन्याचा. बावीस वर्षांत त्याचा एक आकडा चुकला नाही.

मी सांगतोय त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी भोंगा गेला. भर दुपारी, ऊन असताना. पट्टीवरून इकडे येताना नदीच्या मध्यावर वाट फुटते, उजवीकडची लांबची आणि डावीकडची जवळची. साडूनं त्या दिवशी डावी घेतली. लाँच गाळावर धाडकन बसली, भोंगा नाकावरून पुढे फेकला गेला आणि लाँचखाली सापडला. तिसऱ्या दिवशी मिळाला.

बंदर ऑफिसात चौकशी झाली. साडूनं सांगितलं, "आकडा आलाच नाही. मी वाट बघत होतो, पुढून काही आवाजच नाही." लाँचमध्ये तेव्हा प्रवासी नव्हते. मग लोक म्हणाले, डोळा लागला असेल बिचाऱ्या भोंग्याचा. उन्हाची वेळ, वयही झालेलं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा भोंग्याच्या बायकोसमोर बसून म्हणालो, "वहिनी, झोप काय कोणाला सांगून येते?" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. असो.

आता ती रात्र.

येत्या नोव्हेंबरात चार वर्षं होतील. बावीस तारीख, मंगळवार. म्हणजे सोमवारची रात्र उलटून दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी अमावास्या. साडूची मुलगी बाळंतपणाला माहेरी पट्टीवर आलेली, पहिलीच खेप, दिवस भरायला अजून बारा-तेरा दिवस होते. रात्री एकच्या सुमारास तिच्या पोटात दुखायला लागलं. फार नाही. नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही, कळा अजून लांब लांब आहेत. पण पाणी आहे तोवर इकडे या. सकाळपर्यंत थांबलात तर चिखलात अडकाल."

बरोबरच होतं ते. बाराला भरती भरलेली, चारनंतर मधली वाट बंद होणार. त्याच्या आत चाळीस मिनिटांत धक्क्यावर पोचायचं, दवाखान्याची गाडी उभी असणारच. घाई नव्हती. मुलीनं स्वतः केस विंचरले, कागदांची फाईल घेतली. माझ्या मेहुणीनं, म्हणजे साडूच्या बायकोनं, थर्मासमध्ये चहा भरला. वर साडूला म्हणाली, "अहो, स्वेटर घाला, तुम्हीच आजारी पडायचे."

अडचण एकच. काठी धरायला माणूस नव्हता. पट्टीवरचे सगळे गडी समुद्रावर मासेमारीला गेलेले. राहिला होता तो न्हावी. पन्नाशीचा, पोट सुटलेला, उभ्या आयुष्यात काठी धरलेली नाही. साडूनं त्याला उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "अरे, मला वस्तरा दे, काय सांगशील ते करतो. काठी म्हणजे..." साडू म्हणाला, "खुपसायची, बघायची, ओरडायचं. दिवसभर दुकानात तोंडाचा पट्टा चालू असतो तुझा, आज नुसते आकडे बोल." तसा हसतच आला तो.

दोन दहाला निघाले. पाणी शांत, वारा नाही. फक्त धुकं होतं. आधी विरळ, मग असं दाट की साडूला स्वतःचा सुकाणूवरचा हात दिसेना. बॅटरी लावली तर समोर पांढरी भिंत. त्यानं बॅटरी बंद केली आणि इंजिन हळू केलं.

"सात!" पुढून न्हावी.

"सात," साडू.

"सहा!"

"सहा."

छान चाललं होतं. वीस मिनिटं अशीच गेली. मधे मुलगी म्हणाली, "बाबा, किती गारठा आहे ना." आईनं तिच्या अंगावर दुसरी चादर घातली. मग बॅटरी लावून चादर नीट करायला गेली आणि हात मागे घेतला. हाताला रक्त लागलं होतं.

थोडं नव्हतं. खालची सतरंजी भिजली होती.

तिनं ओरडून नवऱ्याला सांगितलं नाही. छपराखालून वाकून मागे आली, त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "रक्त जातंय हो तिचं." बस्स. मग तिनं नर्सबाईंना फोन लावला. नर्सबाईंचा आवाजच बदलला. "कुठवर आलात? अजून किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"त्याहून जास्त लावू नका. ऐकताय ना? कुठेही थांबू..." आणि रेंज गेली.

साडू मला म्हणाला, "त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण हात सुकाणूवर होते. हात सोडून कसं चालेल?"

वाट जिथे फुटते तिथे ते आले तेव्हा दोन चाळीस झाले होते. साडूनं लाँच उजवीकडे घातली. डावी वाट त्यानं दोन वर्षांत एकदाही घेतली नव्हती. दहा मिनिटं जास्त लागोत, पण तिकडे नाही.

"चार!" न्हावी ओरडला.

"चार."

"चार!"

"चार."

"दोन..."

साडूचं तोंड उघडलं होतं. सवयच ती, आकडा आला की परत द्यायचा. पण त्यानं ते मिटून घेतलं. कारण तो आवाज पुढून आला नव्हता. डावीकडून आला होता. पाण्यावरून.

आणि तो न्हाव्याचा नव्हता.

इंजिन चालू होतं. धडधड, धडधड. साडूनं मनाची समजूत घातली, भास झाला असेल. मनात पोरीची काळजी, डोळ्यांवर धुकं, कानात इंजिन. कुठलाही आवाज कुठलाही वाटतो.

"साडेतीन!" न्हावी.

"साडेतीन."

"दोन..."

या वेळी जवळून. तसाच. जड, भरदार, शेवटी थोडा लांबवलेला. बावीस वर्षं रोज ऐकलेला आवाज माणूस विसरतो का रे? बायकोचा विसरेल एखादा. हा नाही.

साडूनं दात घट्ट आवळले. परत द्यायचं नाही. काही झालं तरी परत द्यायचं नाही.

"तीन!" न्हाव्याचा आवाज आता पातळ झाला होता.

"तीन."

"अडीच!"

"अडीच."

उजवी वाटही गाळानं भरली होती. त्या पावसाळ्यातच भरली असणार. दिवसा, भरतीच्या पाण्यात हे कळलं नव्हतं. आता पाणी उतरत होतं. मिनिटामिनिटाला उतरत होतं.

खालून खर्रर्र असा आवाज आला. लाँच थरथरली. तळ लागला होता.

साडूनं इंजिन उलटं फिरवलं. एकदा. नाही. दुसऱ्यांदा... नाही. तिसऱ्यांदा लाँच कशीबशी मागे सरकली, पाण्यात आली. पण आता तिचं तोंड कुठे आहे हेच कळेना. उजवी वाट बंद. मागे पट्टी, तिथे डॉक्टर नाही. इथेच थांबलं तर सकाळी आठपर्यंत चिखलात. सकाळपर्यंत पोरगी...

त्यानं इंजिन अगदी हळू केलं. सगळीकडे शांत.

"दोन..."

आता लाँचच्या अगदी बाजूला. हात लांब केला असता तर लागलं असतं, इतकं जवळ.

"काठी पाण्यात टाक!" साडू ओरडला. "अरे न्हाव्या, आकडा सांग!"

न्हावी बोलेना.

"आकडा सांग रे!"

पुढून रडका आवाज आला. "तिकडे... कोण आहे? साहेब, तिकडे पाण्यात कोण उभं आहे?"

तीस वर्षांच्या मित्राला तो साहेब म्हणाला. इतकी पाचावर धारण बसली होती त्याची.

साडूनं डावीकडे पाहिलं नाही. मला म्हणाला, "पाहिलं असतं तर मी उडी टाकली असती. कुठे ते माहीत नाही, पण टाकली असती."

छपराखाली मेहुणी एकाच शब्दाचा जप करत होती. "चला हो. चला हो. चला हो." आणि मग मुलगी बोलली. ग्लानीत होती ती, आवाज अगदी बारीक. लहानपणी त्याच लाँचमधून शाळेला जायची ती, काठीवाल्याच्या पायाशी बसून.

"बाबा," ती म्हणाली, "भोंगाकाका कधीचे आकडा देतायत. तुम्ही परत का देत नाही?"

साडू मला हे सांगत होता तेव्हा इथे थांबला. साठ वर्षांचा गडी, ढसाढसा रडला माझ्यासमोर.

कारण आकडा आला होता रे. त्या दुपारी आकडा आला होता. भोंगा "दोन!" म्हणून ओरडला होता, एकदा नाही, तीनदा. पण साडूनं त्याच महिन्यात एक मशीन बसवून घेतलं होतं, पडद्यावर खोली दाखवणारं. पडदा साडेतीन दाखवत होता. साडूचे डोळे पडद्यावर. त्याला वाटलं, म्हातारा झाला हा, काठी गाळात रुतत असेल. म्हणून आकडा परत दिला नाही. वेग कमी केला नाही. भोंगा आपला नियमानं तोच आकडा पुन्हा पुन्हा देत राहिला. तिसऱ्यांदा देता देताच लाँच आदळली.

नंतर साडूनं ते मशीन काढून नदीत फेकलं. आणि सगळ्यांना सांगितलं, आकडा आलाच नाही.

"दोन..."

साडू उठून उभा राहिला. सुकाणू पोटाशी धरून. आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता असा ओरडला.

"दोन! ऐकलं मी! दोन हात पाणी! तू सांगितलं होतंस! तीनदा सांगितलंस! मी ऐकलं आणि परत दिलं नाही. मी खोटं बोललो. तू झोपला नव्हतास. भोंग्या, तू झोपला नव्हतास रे... दोन. हे घे. दोन."

शांत...

इंजिनाचा आवाज. पाण्याचा आवाज.

काही नाही.

काहीच नाही...

आणि मग डावीकडून, पण आता थोडं पुढून:

"अडीच."

साडू पुन्हा सुकाणूवर बसला. "अडीच," तो म्हणाला.

"तीन."

"तीन."

त्यानं लाँच डावीकडे वळवली. त्याच वाटेला. जिथे भोंगा गेला होता तिथेच. तुम्ही काय केलं असतं? त्यानं नेऊन बुडवलं असतं तर? ज्याचा जीव घेतला आणि वर ज्याचं नाव खराब केलं, त्याच्या हातात पोरगी द्यायची, पोटातल्या बाळासकट. पण दुसरा काय रस्ता होता? काही नव्हता.

"तीन."

"तीन."

"साडेतीन. डावीकडेच."

"साडेतीन."

आवाज पुढे पुढे जात होता. पुढे लाँचच्या नाकावर न्हावी काठी मांडीवर घेऊन बसला होता, डोळे गच्च मिटून. त्यानं मला नंतर शपथेवर सांगितलं, "लाँच वळल्यापासून मी काठी पाण्यात घातली नाही आणि तोंडही उघडलं नाही."

"चार."

"चार."

"पाच."

"पाच."

आणि मग धुक्यातून धक्क्यावरचा पिवळा दिवा. गाडीचा लाल दिवा. माणसांचे आवाज.

"तळ नाही," तो आवाज म्हणाला. काठी पुरत नाही इतकं खोल पाणी आलं की काठीवाला असं म्हणतो. तिथे त्याचं काम संपतं.

"तळ नाही," साडूनं परत दिलं.

पुढे काही आलं नाही.

दवाखान्यात तिला सरळ आत नेलं. चार वाजून पस्तीस मिनिटांनी मुलगी झाली. बाळ रडलं, आई वाचली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन साडूला म्हणाल्या, "वीस मिनिटं उशीर झाला असता तर मला काहीच करता आलं नसतं."

मला साडूचा फोन आला साडेपाचला, नात झाली म्हणून. मी म्हटलं, "अभिनंदन आजोबा!" तो म्हणाला, "दवाखान्याच्या फाटकाशी ये. मला एके ठिकाणी जायचंय आणि एकट्यानं पाय उचलत नाही." नात अजून पाहिली नव्हती त्यानं. म्हणाला, "आधी हे. मग तिचं तोंड बघतो." चालता चालता त्यानं मला सगळं सांगितलं, जे आता मी तुम्हाला सांगितलं.

भोंग्याची बायको इथेच राहते, बस स्टँडच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत. चढावर. धक्क्यापासून चालत वीस मिनिटं. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कपडे शिवून पोट भरते. आम्ही कडी वाजवली तेव्हा उजाडत होतं. तिनं आतून वरचा बोल्ट काढला, मग खालचा. आम्हाला बघून म्हणाली, "इतक्या सकाळी? काय झालं भाऊजी?"

साडूनं उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं. एका दमात, काही न गाळता. मशीन, पडदा, तीन वेळा आलेला आकडा, चौकशीतलं खोटं. रात्रीचंही. मी खाली बघत होतो. वाटलं, आता ही थोबाडीत मारेल, मारायलाच हवी.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

मग तिनंच पुढे सांगितलं.

"अहो, तो माणूस झोपेतसुद्धा आकडे म्हणायचा. रात्री तीन-तीनदा. मी परत दिल्याशिवाय कुशीवर वळायचा नाही. जो झोपेत गप्प बसत नव्हता, तो काठी हातात असताना गप्प बसेल?"

मी म्हटलं, "वहिनी, मग बोलला का नाहीत?"

"कोणाजवळ बोलू? तुम्ही सगळे एकीकडे होतात." माझ्याकडे बघून म्हणाली ती. खरंच होतं. ती साडूला म्हणाली, "आता सांगितलंत ना. बंदर ऑफिसातही सांगा. लिहून द्या." साडू म्हणाला, "आजच." आणि त्यानं दिलंही. त्याच दुपारी जबाब बदलून घेतला आणि लायसन्स टेबलावर ठेवून आला. तेव्हापासून तो लाँचवर पाय ठेवत नाही.

पण मी सांगत होतो ते वेगळं. "आत या, चहा करते," असं म्हणून ती वळली आणि जागच्या जागी थांबली.

दाराच्या आत, भिंतीजवळ, फरशीवर चिखल होता. सांडलेला नाही. गोल. बशीएवढा, कंपासनं काढावा तसा गोल. करड्या रंगाचा, नदीतला चिखल. तसा चिखल या चढावर कुठे नाही.

"हे कुठून आलं?" ती म्हणाली. "रात्री फरशी पुसून झोपले मी. दार आतून बंद. तुम्ही तर अजून आतही आला नाहीत."

आपल्या मापाच्या काठीच्या तळाला लाकडाची चकती असते, पाहिली असेल तुम्ही. नाहीतर काठी गाळात रुतते आणि माप चुकतं. काठी घरी आणून भिंतीला टेकवून ठेवली की खाली असाच शिक्का उमटतो. साडूनं तो पाहिला आणि दाराची चौकट धरली.

वहिनींनी फडकं घेतलं, पुसायला वाकल्या. मग थांबल्या. फडकं तसंच हातात धरून उठल्या. पुसलं नाही.

अजूनही पुसलेलं नाही. चार वर्षं होत आली. चार उन्हाळे गेले, खोलीवर पत्रा आहे, एप्रिल-मे महिन्यांत आत उभं राहवत नाही. गेल्या रविवारी मी शिलाई मशीनला तेल घालायला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा विश्वास नाही ना? मग बघा हात लावून."

मी बोट लावलं. ओलं होतं.